शुगर असेल तर रिपोर्टमधलं क्रिएटिनिन खालच्या बाजूनेपण बघा

अमळनेर तालुक्यातल्या एका लॅबमध्ये मी बारा वर्षं रक्त घेतेय, रोज सकाळी उपाशीपोटी शुगरवाल्यांची रांग असते, आणि रिपोर्ट हातात पडला की माणूस दोनच आकडे शोधतो, शुगर किती आली आणि क्रिएटिनिन वाढलं तर नाही ना. वाढलेलं नसलं की जीव भांड्यात. माझ्या आबांच्या बाबतीत मीपण हेच केलं. क्रिएटिनिन आधी १.० असायचं, मग ०.८ झालं, मग ०.६, आणि मी खुशीत सांगायचे की आबा, किडनी एक नंबर आहे तुमची. त्याच काळात चोपड्याकडच्या मळ्यात केळीचा घड खांद्यावर घेणं त्यांनी सोडलं होतं, खाटेवरून उठताना दोन्ही हात टेकवायला लागायचे, विचारलं तर एवढंच म्हणायचे, "पायस्मा जीव नही राहिना." आम्ही म्हटलं वय झालं. पण स्नायू झिजत होते आणि त्याची खूण मी स्वतः छापलेल्या रिपोर्टवर होती, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय.

आधी हे समजून घ्या की क्रिएटिनिन येतं कुठून. ते स्नायूतून येतं. स्नायूत क्रिएटिन नावाचा पदार्थ असतो, त्यातला थोडा भाग रोज मोडून क्रिएटिनिन बनतं, रक्तात येतं आणि किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते. म्हणजे किडनी बिघडली तर हा आकडा वाढतो हे सगळ्यांना माहितीये, पण स्नायूच कमी झाले तर तो बनतोच कमी, हे कोणी सांगत नाही. आता दोन्ही एकदम झालं तर? शुगरमध्ये तेच होतं बरेचदा. किडनी थोडी खराब, स्नायू थोडे कमी, एक आकडा वर ओढतो एक खाली, आणि रिपोर्टवर मस्त नॉर्मल ०.९. अशा माणसाचा ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा क्रिएटिनिनवरून काढलेला अंदाज) पण खऱ्यापेक्षा चांगला दिसतो, आणि मेटफॉर्मिनसारख्या गोळ्यांचा डोस डॉक्टर त्याच ईजीएफआरवर ठरवतात, म्हणून हा विषय किरकोळ नाही.

मग करायचं काय, तर डॉक्टरांना विचारून सोबत सिस्टॅटिन सी ही टेस्ट करायची. हे प्रोटीन शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी बनवतात, स्नायू किती आहेत याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो, आणि किडनी त्यालाही गाळते. म्हणून दोन्ही एकाच दिवशी, एकाच रक्तातून करायच्या. हिशोब सोपा आहे, क्रिएटिनिनला सिस्टॅटिन सी ने भागायचं आणि १०० ने गुणायचं. क्रिएटिनिन ०.९ आणि सिस्टॅटिन ०.९ असेल तर १००. आबांचं आलं ०.६ आणि १.१, म्हणजे साधारण ५५. याला सार्कोपेनिया इंडेक्स म्हणतात, सार्कोपेनिया म्हणजे स्नायू आणि ताकद दोन्ही घटणं. जितका कमी तितकी स्नायू कमी असण्याची शंका जास्त. सगळ्यांना लागू पडेल अशी एकच पक्की रेषा ठरलेली नाही, बाई-पुरुष, वय यानुसार फरक पडतो, म्हणून नेटवरचा एखादा आकडा धरून घाबरू नका, स्वतःचाच आकडा दर सहा महिन्यांनी कुठे चाललाय ते बघा. छोट्या लॅबमध्ये ही टेस्ट होत नाही, सॅम्पल बाहेर पाठवावं लागतं, पैसेही क्रिएटिनिनपेक्षा बरेच जास्त लागतात, ते आधी विचारून घ्या.

सॅम्पल देताना काय सांभाळायचं ते माझ्याकडून ऐका कारण इथे लोक खूप गडबड करतात. आदल्या रात्री मटणाचा बेत असेल तर सकाळी क्रिएटिनिन वाढलेलं येऊ शकतं, शिजवलेल्या मटणातूनच ते पोटात जातं. आदल्या दिवशी अंगमेहनतीचं जड काम नको, जिममधली क्रिएटिन पावडर घेत असाल तर आधी सांगा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये ऊन ४५ च्या आसपास जातं, शेतातून घामाघूम होऊन येऊन रक्त दिलं तर पाणी कमी पडल्याने आकडा चढतो, तेव्हा नीट पाणी पिऊन या (किडनी किंवा हार्टमुळे पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच). थायरॉइड बिघडलेलं असेल, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील, विडी-सिगरेट असेल, वजन खूप असेल किंवा अंगात सूज-इन्फेक्शन असेल तर सिस्टॅटिन सी हलतं, म्हणून ताप-खोकल्यात ही टेस्ट करूच नका. आणि लॅब बदलू नका, दर वेळी तीच.

बाकीचे रिपोर्ट पण सोबत वाचायचे. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर बघा, ती चढलेली असेल तर स्नायू मोडू शकतात, कारण इन्सुलिन फक्त शुगर उतरवत नाही, स्नायूतलं प्रोटीन टिकवून धरायचं कामही तेच करतं. आणि जेवणानंतरची शुगर सगळ्यात जास्त ओढून घेणारी जागा स्नायूच, म्हणजे स्नायू गेले की शुगर अजून बिघडते आणि शुगर बिघडली की स्नायू अजून जातात. सीआरपी वाढलेलं असेल तर अंगात कुठेतरी सूज चालू आहे, तीही स्नायू खाते. व्हिटॅमिन डी २० च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी १२ करा, ते कमी पडून पाय बधिर आणि अशक्त होतात आणि आपण उगाच स्नायूंना दोष देतो.

अल्ब्युमिन कमी आलं की लोक लगेच प्रोटीनचा डबा आणतात. थांबा जरा. शुगरमध्ये किडनीतून अल्ब्युमिन लघवीत गळत असू शकतं, लिव्हरचं किंवा सुजेचं कारण असू शकतं, त्यामुळे आधी लघवीची अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो टेस्ट करा. सीपीके (स्नायूतल्या एका एन्झाइमची टेस्ट) ने स्नायू किती शिल्लक आहेत ते कळत नाही, स्नायूला इजा झाली तर ती वाढते, कोलेस्टेरॉलच्या गोळीने अंग दुखत असेल तेव्हा तिचा उपयोग.

रक्त एवढंच सांगतं की शंका आहे, खात्री हातापायांनी करायची. टेप घ्या आणि पोटरी जिथे सगळ्यात जाड आहे तिथे मोजा, पायावर सूज नसताना. आशियाई लोकांसाठी २०१९ साली ठरलेले आकडे असे आहेत, पुरुषाची पोटरी ३४ सेंटीमीटरपेक्षा कमी, बाईची ३३ पेक्षा कमी असेल तर पुढे तपासा. मग खुर्चीवर बसा, हात छातीवर बांधा आणि पाच वेळा उठा-बसा, १२ सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद कमी झालीये. म्हाताऱ्या माणसाजवळ कोणीतरी उभं राहा, पडायला नको. हाताची पकड मोजायचं यंत्र फिजिओथेरपिस्टकडे असतं, पुरुष २८ किलोच्या खाली, बाई १८ च्या खाली म्हणजे कमी. आबांना पाचव्यांदा उठताच आलं नाही, मी मोबाईलवर सेकंद मोजत होते आणि चौथ्यालाच ते खाली बसले.

काही गोष्टींना थांबू नका. एकाच मांडीचं मांस पटापट उतरलं आणि ती दुखतेय, किंवा दोन-तीन महिन्यांत वजन आपोआप घसरलं, तर सरळ डॉक्टरकडे, ते नसेचं दुखणं, टीबी, थायरॉइड काहीही असू शकतं. वजन कमी करायची नवी इंजेक्शनं चालू असतील तर चरबीसोबत थोडे स्नायूही जातात हे डॉक्टरांशी बोला, मनाने बंद करू नका.

खाण्याबद्दल आधी लघवीचा आणि किडनीचा रिपोर्ट दाखवून विचारा, कारण किडनी बिघडलेल्याला प्रोटीन वाढवून चालत नाही. किडनी ठीक असेल तर वयस्कर माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं, ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. आपली कळण्याची भाकरी इथे कामाची आहे, ज्वारीत उडीद मिसळून दळलेला असतो, पण भरीत-भाकरीवर आकडा गाठत नाही, सोबत घट्ट वरण, मटकी, दही, चालत असेल तर अंडी, आणि ते तिन्ही वेळच्या जेवणात वाटून. आणि नुसतं फिरून पायात जीव येत नाही, स्नायूंवर वजन पडलं पाहिजे. आबांना फिजिओथेरपिस्टने ओट्याचा आधार घेऊन खुर्चीतून उठ-बस दिली, सुरुवातीला सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच. तीन महिन्यांनी परत रक्त घेतलं तर क्रिएटिनिन ०.७ आलं, सिस्टॅटिन तेच, आणि त्या दिवशी ते खुर्चीवरून पाचही वेळा उठले, १६ सेकंदात.