कडक उन्हातल्या हिरवळीसाठी गवताची निवड

हिरवळ लावण्यापूर्वी त्या जागेवर दिवसातून किती तास थेट ऊन पडते, हे मोजून पाहावे. ६ ते ८ तास ऊन मिळत असेल, तर बर्म्युडा, म्हणजे आपल्या ओळखीची हरळीच, सर्वांत भरवशाची; तिचे धुमारे जमिनीवरून आणि जमिनीखालूनही पसरत असल्याने तुडवला गेलेला भाग ती लवकर भरून काढते. मात्र हाच गुण शेजारच्या फुलांच्या वाफ्यात डोकेदुखी ठरतो, कारण एखादे पेर असलेला तुकडा मातीत राहिला, तरी तो पुन्हा फुटतो. झोयसिया सावकाश वाढते, पण तिची दाट गादी तणांना सहसा थारा देत नाही आणि थोडी सावलीही तिला चालते. घाई नसेल, तर मी तिलाच पसंती देईन. रुंद पात्यांच्या सेंट ऑगस्टिनला पाणी अधिक लागते, म्हणून पाण्याची ददात असेल तिथे ती लावू नये.