पावसाआधी सौर पंप तपासताना: बटण बंद, पॅनेल चालूच

पाऊस तोंडावर आला की विहिरीवरची मोटर बघितली जाते, पाइप बघितले जातात. सौर पॅनेलकडे मात्र धूळ पुसण्यापुरतंच लक्ष जातं. वादळी वारं सुटण्याआधी ही जोडणी एकदा नीट तपासून घ्या. पण हात लावण्यापूर्वी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या: कंट्रोलरचं (पंप चालवणाऱ्या पेटीचं) बटण दाबलं की पंप थांबतो, पॅनेल थांबत नाहीत. उजेड आहे तोवर त्यांच्या वायरीत विजेचा दाब असतोच, ढगाळ दिवशीसुद्धा. एका मोठ्या पॅनेलचा दाब साधारण ४० ते ५० व्होल्ट. अशी दहा ओळीने जोडली की ४०० ते ५०० व्होल्ट. पॅनेलची वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. ‘डीसी आहे, काही होत नाही’ असं सांगणारा कुणी ना कुणी भेटतोच. त्याच्या नादी लागू नका.

घरातली ५० हर्ट्झची एसी (दिशा बदलत राहणारी) वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीत तशी उसंत नाही. भर उन्हात पंप चालू असताना पॅनेलमागचा वायरी जोडणारा काळा कनेक्टर ओढलात, तर दोन टोकांमध्ये लखलखता जाळ धरतो, प्लॅस्टिक वितळतं आणि बोटं भाजतात. म्हणून आधी कंट्रोलरवरून पंप बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा खटका), आणि मगच कनेक्टर. कंट्रोलरचं झाकणही लगेच उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं वीज साठून राहते. किती वेळ थांबायचं ते पेटीवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. आणि हो, घरातला साधा एमसीबी काढून डीसीच्या जागी बसवण्याचा जुगाड अजिबात नको.

कनेक्टर तपकिरी पडलेला किंवा मऊ झालेला दिसला तर आत जोड ढिला आहे, असं समजा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीवर नुसती चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही, वायर बदलून घ्या. सांगाड्याचे नटबोल्ट आवळा, कारण पॅनेल शिडासारखं वारं धरतं. अर्थिंगची तार गंजून तुटली नाही ना, हेही बघा.

पॅनेल धुवायचं ते सकाळी, ऊन चढण्याआधी. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. तडकलेल्या पॅनेलवर पाणी मारायचंच नाही, त्यातून वीज चौकटीत उतरू शकते. वर चढायचं असेल तर लोखंडी शिडी नको, पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट हवा आणि खाली एक माणूस उभा हवा. आभाळ गडगडायला लागलं की काम अर्धवट टाकून सरळ आडोसा गाठा.

बॅटरी असेल तर तिची खोली हवेशीर ठेवा. चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे विडी-काडी नको.

पुरात बुडालेला कंट्रोलर बाहेरून सुकलेला दिसला तरी चालू करून बघू नका. तंत्रज्ञ येईपर्यंत आयसोलेटर बंदच राहू द्या, आणि तोही भिजला असेल तर त्यालाही हात लावू नका.