तेल सुटलं नाही, पण कुणामुळे? कणांच्या इमल्शनवर काम करायला येणाऱ्यांसाठी

एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षी माझ्या टेबलावर एक काचेची नळी दोन महिने उभी होती. तिच्यात इमल्शन होतं, म्हणजे पाण्यात बारीक थेंबांच्या रूपात पसरलेलं तेल: राजगिऱ्याच्या स्टार्चच्या कणांनी धरून ठेवलेलं सूर्यफुलाचं तेल. वर तेलाचा एक थेंब सुटला नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ती कौतुकाने दाखवायचे. एकदा माझे मार्गदर्शक सर थांबले, नळी उजेडात धरली आणि म्हणाले, "छान आहे. आता यातले कण काढून टाक आणि उरलेल्या पाण्यात हेच करून दाखव."

स्टार्चची स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेलं स्टार्च, सेंट्रिफ्यूज केली (यंत्रात गरगर फिरवून कण खाली बसवले), वरचं पाणी वेगळं काढलं, त्यात तेल घालून होमोजनायझर, म्हणजे तेलाचे बारीक थेंब करणारं यंत्र, फिरवला. दुसऱ्या दिवशी पाहते तर तेही टिकलेलं. राजगिऱ्याच्या पिठातली प्रथिनं नीट न धुतल्यामुळे पाण्यात उतरली होती आणि माझ्या कणांचं काम तीच करत होती. दोन महिन्यांची वही बाजूला ठेवावी लागली.

या विषयात येणाऱ्याला मी आधी हीच गोष्ट सांगते. इमल्शन टिकवणं फार अवघड नाही. ते कणांमुळेच टिकलं हे दाखवताना घाम फुटतो. फेसलेल्या मोहरीचंच घ्या. आजी पाट्यावर मोहरी पाणी घालून फेसायची, नाकात झिणझिण्या येईपर्यंत. अशी मोहरी तेल-पाणी एकत्र धरून ठेवते. पण तिच्यात सालीचा बुळबुळीत डिंक आहे, प्रथिनं आहेत आणि बारीक कणही आहेत. धरतंय नक्की कोण? घरी हा प्रश्न कुणी विचारत नाही, तोंडी परीक्षेत मात्र पहिला हाच येतो.

थोडी पार्श्वभूमी. बारीक घन कणांनी धरून ठेवलेल्या इमल्शनला पिकरिंग इमल्शन म्हणतात. खरं तर वॉल्टर रॅम्सडेनने ही गोष्ट १९०३ मध्येच नोंदवली होती, पण नाव चिकटलं स्पेन्सर पिकरिंगचं, त्याच्या १९०७ च्या लेखामुळे. तो फळझाडांवर फवारायच्या पॅराफिन तेलाच्या मिश्रणांवर काम करत होता आणि त्यात मोरचूद-चुन्यापासून बनणारे तांब्याचे क्षार होते. आपल्या द्राक्षबागायतदारांच्या बोर्डो मिश्रणाचेच हे भाऊबंद.

तत्त्व असं की कण तेल आणि पाणी दोघांनाही थोडा थोडा भिजला पाहिजे. मग तो दोघांच्या सीमेवर जाऊन बसतो. तेल-पाण्याची सीमा कणाला जिथे टेकते तिथला कोन म्हणजे स्पर्शकोन. पाण्याकडून मोजलेला हा कोन ९० अंशांहून थोडा कमी असेल तर पाण्यात तेलाचे थेंब बनतात, जास्त असेल तर तेलात पाण्याचे. लोण्यात पाण्याच्या थेंबांभोवती स्निग्धाचे स्फटिक असतात, ते दुसऱ्या प्रकारातले. सीमेवर बसलेला कण सहसा हलत नाही. १० नॅनोमीटर त्रिज्येचा कण, ९० अंशांचा कोन आणि २५ मिलिन्यूटन प्रति मीटर पृष्ठताण धरून हिशेब केला, तर त्याला उपटायला साधारण २,००० केटी ऊर्जा लागते. केटी म्हणजे त्या तापमानाला रेणूंच्या धक्काबुक्कीत सहज मिळणारी ऊर्जा. पण कोन ३० अंशांवर आला की तोच आकडा ३५ च्या आसपास घसरतो. हा हिशेब एकदा स्वतः वहीत करा. कण नॅनो करण्यामागे धावणारे बरेच जण तिथेच थंड होतात, कारण ऊर्जा त्रिज्येच्या वर्गाने वाढते आणि कोन चुकला की सगळंच हातचं जातं.

राजगिरा मी निवडला तो त्याचे स्टार्चचे दाणे जेमतेम १ ते २ मायक्रॉनचे असतात म्हणून. बटाट्याचे दाणे १०० मायक्रॉनपर्यंत जातात, ते थेंबावर बसणार कसे? असेच बारीक दाणे असलेल्या क्विनोआ या धान्यावर युरोपात बरंच काम झालंय. आपल्याकडे किराणा दुकानात राजगिरा मिळतो, उपासाच्या लाडवांसाठी. मात्र लहान दाण्यांचा त्रासही तेवढाच. ते लवकर खाली बसत नाहीत आणि प्रथिनं सोडत नाहीत. सौम्य अल्कलीत पीठ भिजवायचं, चाळायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, आणि पांढऱ्या थरावर जो तपकिरी लेप येतो तो स्पॅच्युलाने खरवडून काढायचा. पुन्हा पाणी, पुन्हा सेंट्रिफ्यूज. लेप दिसेनासा होईपर्यंत. मी दोनदा करून थांबले होते, पुढे सहा-सात वेळा केलं.

आणखी एक फजिती. आयोडीन टाकल्यावर स्टार्च निळं होतं हे आपण शाळेत घोकलेलं असतं. माझं लालसर तपकिरी झालं. नमुना बिघडला म्हणून मी फेकायला निघाले होते. माझा राजगिरा चिकट जातीचा होता, त्यात अमायलोज, म्हणजे स्टार्चमधले सरळ साखळीचे रेणू, जवळजवळ नव्हतंच, आणि निळा रंग येतो तो अमायलोजमुळे.

नुसतं स्टार्च पाण्याच्या फार प्रेमात असतं, त्यामुळे त्याला थोडं तेलाकडे वळवावं लागतं. रूढ पद्धत म्हणजे ऑक्टेनिल सक्सिनिक अनहायड्राइड, प्रयोगशाळेत सगळे त्याला ओएसए म्हणतात. स्लरीचा पीएच ८ ते ८.५ वर धरून ते थेंब थेंब घालायचं. अन्नासाठी ते स्टार्चच्या वजनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त वापरत नाहीत. शेवटी आम्लाने उदासीन करून भरपूर धुवा, नाहीतर कणांऐवजी उरलेलं रसायनच तेल धरून बसेल आणि तुमचीही नळी माझ्यासारखीच खोटं बोलेल.

नीट धुतलेल्या स्टार्चची नवी नळी केली तेव्हा वेगळंच दिसलं. तेलाचे थेंब वर न जाता तळाशी बसले. तेल पाण्यापेक्षा हलकं, पण स्टार्चची घनता साधारण १.५, आणि थेंबाभोवती दाण्यांचं इतकं जाड कवच की सगळं मिळून जड झालं. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब रव्यात घोळल्यासारखे दिसत होते. शेजारी कण काढलेल्या पाण्याची नळी ठेवली होती. तिच्यात तासाभरात तेल वर आलं.

तेलाकडेही लक्ष द्या. दुकानातल्या पिशवीतल्या तेलात मुक्त स्निग्धाम्लं आणि मोनोग्लिसराइड असतात, तीही सीमेवर जाऊन बसतात. मॅग्नेशियम सिलिकेटबरोबर ढवळून, गाळून घेतलं की ती बरीच निघतात. आणि एकाच प्रमाणावर थांबू नका. तेल तेवढंच ठेवून कण वाढवत न्या. कण पुरेनासे असतील तर थेंब एकमेकांत मिसळत मोठे होतात आणि अंगभर कण झाल्यावर थांबतात. म्हणून कणांच्या प्रमाणासमोर थेंबाच्या व्यासाचा व्यस्त मांडला आणि सरळ रेषा आली, तर काम कण करतायत याचा तो चांगला पुरावा. उच्च दाबाच्या होमोजनायझरचा मोह टाळा. साधा, वेगाने फिरत्या पात्यांचा रोटर-स्टेटर पुरतो.

शिक्षणाचं थोडक्यात. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत अन्न तंत्रज्ञान हा स्वतंत्र पेपर नाही, एक्सई (अभियांत्रिकी शास्त्रं) आणि एक्सएल (जीवशास्त्रं) या पेपरांतला तो एक विभाग आहे, आणि एक्सईत अभियांत्रिकी गणित सुटत नाही. मुंबईची आयसीटी, म्हैसूरची सीएफटीआरआय या संस्थांची नावं तुम्हाला माहीत असतील. परदेशात जायचं तर लीड्स (इंग्लंड) आणि वाखेनिंगेन (नेदरलँड्स) इथल्या विद्यापीठांत या विषयाची जुनी परंपरा आहे. पण प्रवेशाआधी एवढंच विचारा की लेझरने कणांचा आकार मोजायचं यंत्र तिथे चालू आहे का आणि त्यावर नंबर किती दिवसांनी लागतो.

नोकरीत 'पिकरिंग' हा शब्द मला कुणी विचारला नाही. मुलाखतीत मी अर्धा तास स्पर्शकोन समजावला. समोरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "ठीक आहे, पण लेबलवर काय लिहिणार?" मी म्हटलं, राजगिऱ्याचं स्टार्च. त्या हसल्या. ओएसए लावलं की ते स्टार्च राहत नाही, आयएनएस १४५० होतं (अन्नात घालायच्या घटकांना दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक), आणि डब्यावर तसंच छापावं लागतं. ओएसए टाळून कोरडी उष्णता देऊनही दाणे थोडे तेलाकडे वळवता येतात हे मला माहीत होतं, प्रबंधात त्यावर दोन पानं होती. त्या वेळी आठवलं नाही. घरी येताना लोकलमध्ये आठवलं.