बडोद्यात घर बघताय? मग आधी पायी फिरा

मुंबई-ठाण्याच्या भाड्याला कंटाळून बडोद्याला येणारी मंडळी बहुधा एकाच ठिकाणी फसतात. फोटो बघतात, तिथल्या वन बीएचकेच्या भाड्यात इथे ऐसपैस घर मिळतंय म्हणून हरखतात आणि टोकन देऊन मोकळी होतात. आम्हीही तेच केलं. पहिलं घर शहराच्या पश्चिम टोकाला, नव्या स्कीममध्ये (इथे गृहसंकुलाला स्कीम म्हणतात). दोन बाल्कन्या, वारा भरपूर, लिफ्टमध्ये आरसा. पण कोथिंबिरीची जुडी आणायची तरी स्कूटर काढायची. डोंबिवलीत रोज सकाळी मंडईत जाऊन यायची सवय असलेली माझी आई तिथे महिनाभरात खुर्चीला चिकटली. अकरा महिन्यांचा करार संपला तसे आम्ही निघालो, आणि दुसरं घर मात्र वेगळ्या रीतीने शोधलं.

सर्वांत हळू चालणाऱ्या माणसापासून सुरुवात करा

एका कागदावर लिहा: घरात रोज कोण, कशासाठी बाहेर पडतं? आमच्या यादीत आईचं दूध, भाजी, देऊळ आणि बसायला एक बाक होता. मुलाची शाळा आणि खेळायला मैदान. माझं स्टेशन आठवड्यातून दोनदा. बायकोचा दवाखाना रोज, ती तिथे नोकरी करते. यातलं जे रोजचं आहे ते पायी झालं पाहिजे, आठवड्याचं रिक्षाने चालेल.

मग अंतर मोजा, पण मोबाइलच्या नकाशावर विश्वासून नव्हे. नकाशा सांगतो ती दहा मिनिटं धडधाकट माणसाची असतात. आईला घेऊन गेलो तेव्हा त्याच अंतराला बावीस मिनिटं लागली. त्यातली पाच फूटपाथवर लावलेल्या स्कूटरींना वळसे घालण्यात, आणि चार एका ओटल्यावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर टेकण्यात गेली. त्या ओटल्यावरच्या बाईंनी पाणी विचारलं, माहेर विचारलं, आणि घर बघताय म्हटल्यावर गल्लीतला एक रिकामा वरचा मजलाही सांगितला. दलालाला तो माहीतच नव्हता.

शहर डोक्यात बसवून घ्या

बडोदा समजायला दोन रेघा पुरतात, एक रेल्वेची आणि एक विश्वामित्री नदीची. स्टेशनच्या पश्चिमेला अलकापुरी, रेसकोर्स, पुढे सुभानपुरा, गोत्री. पूर्वेला सयाजीगंज, मग कमाटीबाग आणि नदी, आणि नदी ओलांडली की रावपुरा, दांडिया बाजार, सूरसागर, मांडवी. उत्तरेला फतेगंज, निझामपुरा, समा. दक्षिणेला मांजलपूर, मकरपुरा.

मांडवी म्हणजे जुन्या शहराचा मध्य. तिच्या चार बाजूंना लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट हे चार दरवाजे आहेत. त्यांच्या आतलं शहर मोटारी यायच्या आधीचं, त्यामुळे तिथे अंतरं मुळातच माणसाच्या पायाची आहेत. दांडिया बाजार, रावपुरा हा मराठी माणसांचा जुना भाग. भाजीला खंडेराव मार्केट, वाचायला १९१० साली सुरू झालेली सेंट्रल लायब्ररी, आणि गणपतीत घरबसल्या सगळं. पण जुन्या घरांचे जिने बघून घ्या. आमच्या आईने एका वाड्यातल्या लाकडी जिन्याकडे बघितलं, दोर धरून दोन पायऱ्या चढली आणि म्हणाली, ‘मी खालीच बसते, तुम्ही बघून या.’ गाडी ठेवायची सोयही बहुतेक ठिकाणी नाही.

माझं मत विचाराल तर मुलं आणि म्हातारी माणसं दोन्ही असलेल्या घराने मधल्या पिढीचे, म्हणजे ना जुन्या शहरातले ना अगदी नवे, असे भाग आधी बघावेत: कारेलीबाग, मांजलपूर, निझामपुरा. टेनामेंटच्या (बैठ्या किंवा एकमजली घरांच्या) जुन्या सोसायट्या, मोठी झालेली झाडं, दाराशी येणारी भाजीची हातगाडी, कोपऱ्यावर किराणा आणि दवाखाना. अलकापुरीत हे सगळं आहेच, पण तिथे भाडं दिलंत तर मुंबई सोडलीत कशाला? भायली, सेवासी, वाघोडिया रोडच्या नव्या स्कीम स्वस्त आणि मोठ्या आहेत. घरात दोन वाहनं आणि ती चालवणारी दोन माणसं असतील तर जरूर बघा.

पाण्याची रेघ शोधा

हे काम टाळू नका. विश्वामित्री पावागडाच्या डोंगरातून निघते आणि शहराच्या मधून नागमोडी वळणं घेत जाते. वर आजवा सरोवर भरलं की जादा पाणी नदीत येतं. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात अठरा इंचांहून जास्त पाऊस झाला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नदी पुन्हा घरांत शिरली. समा, फतेगंज, सयाजीगंज, अकोटा, कारेलीबाग, वडसर, सगळ्या भागांतल्या काही काही सोसायट्या बुडाल्या. ‘काही काही’ हे शब्द महत्त्वाचे. एकाच भागात एक गल्ली कोरडी आणि पलीकडची कमरेइतक्या पाण्यात, असं झालं. म्हणून भागाचं नाव ऐकून हो किंवा नाही म्हणू नका, गल्ली बघा.

कसं बघायचं? कंपाऊंडच्या भिंतीवर रंगाखाली फिकट आडवी रेघ दिसते का बघा. विजेचे मीटर खांद्याच्या वर नव्याने बसवलेत का, तळमजल्याच्या दारांची खालची कड फुगली आहे का, लाकडी फर्निचरच्या जागी सिमेंटचे ओटे आलेत का, हेही बघा. एका टेनामेंटमध्ये रंग ताजा होता, सगळं चकाचक. जिन्याखालच्या भिंतीला मात्र रंगारी विसरला होता. तिथे माझ्या छातीइतक्या उंचीवर चहाच्या डागासारखी तपकिरी रेघ होती. मालक बरोबर होते. मी काही बोललो नाही, तेही बोलले नाहीत.

आणि विचारा. मालकाला नको, दलालाला तर मुळीच नको. वॉचमनला, किराणावाल्याला, इस्त्रीवाल्याला विचारा: ‘पाणी क्यां सुधी आव्युं हतुं?’ म्हणजे पाणी कुठपर्यंत आलं होतं? हे एवढं गुजराती पाठ करून ठेवा. उत्तर बहुतेक वेळा हाताने मिळतं, गुडघ्याशी नाही तर कमरेशी हात नेऊन. नदीकाठच्या भागात लोक मगरीचाही किस्सा सांगतील. तो खरा असतो. विश्वामित्रीत मगरी राहतात, आणि पुरात त्या रस्त्यावर येतात.

तीन वेळा फिरा

एकदा शाळा भरायच्या वेळी. रिक्षा, व्हॅन आणि उलट्या बाजूने येणाऱ्या स्कूटरी यांच्यातून मुलाला रस्ता ओलांडता येतो का, ते तेव्हाच कळतं. एकदा रात्री साडेनऊनंतर. बडोद्याचे लोक जेवून बाहेर पडतात, गल्लीत माणसं दिसली पाहिजेत, दिवे लागलेले पाहिजेत, आणि कुत्र्यांची टोळी कुठल्या कोपऱ्याला असते ते कळलं पाहिजे. तिसरी फेरी जमलं तर मेच्या दुपारी. पारा ४२च्या आसपास असताना पाचशे मीटर सावलीत आणि पाचशे मीटर उन्हात, ही दोन वेगळी अंतरं आहेत. कडुनिंबाच्या झाडांची रांग असलेल्या गल्लीला दोन पैसे जास्त द्यायला माझी हरकत नाही.

शाळा आधी, घर मागून

मूल पहिलीत जायचं असेल तर गुजरातमध्ये १ जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात, ही तारीख ध्यानात ठेवा. २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती शिकवणं सगळ्या बोर्डांच्या शाळांना सक्तीचं झालं आहे. मोठ्या मुलाला थोडी तारांबळ होईल, पण लिपी ओळखीची आहे, शिरोरेघ तेवढी नाही.

शाळा ठरली की तिच्याभोवती घर शोधा. आमच्या जुन्या घरापासून शाळा आठ किलोमीटर होती. सोडायला जाऊन-येऊन सोळा, आणायला सोळा, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ८०० किलोमीटर. स्कूटर लिटरला ४५ देते असं समजलं तरी जवळपास १८ लिटर पेट्रोल, आणि रोजचे दीड तास. भाड्यात वाचलेल्या पैशांतून हे वजा करा, मग कुठलं घर स्वस्त ते ठरवा.

करार करताना

टोकन देण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा. मासे-मटण खात असाल तर तोंडावर सांगा. ‘चालेल ना?’ असं दलालामार्फत विचारलेलं पुढे भांडणाला कारण होतं. काही ठिकाणी स्पष्ट नाही म्हणतील, वाईट वाटेल, पण सामान आत आल्यावर कळण्यापेक्षा बरं. पाणी कॉर्पोरेशनचं किती वाजता येतं, बोअरचं असेल तर खारं आहे का, मेन्टेनन्स कोण भरणार, हे कागदावर घ्या. भाडेकरूची पोलिसांकडे नोंद करून घ्या, त्याची पावती ठेवा.

आणि आल्याआल्या विकत घेऊ नका. एक पावसाळा भाड्याने काढा.

आम्ही शेवटी ओटल्यावरच्या बाईंनी सांगितलेला तो वरचा मजला घेतला. जिना सिमेंटचा, कठडा धडका, पायऱ्या अठरा, आईने मोजल्या आहेत. खोल्या पहिल्या घरापेक्षा लहान आहेत आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी ठेवावी लागते. आई सकाळी पिशवी घेऊन उतरते आणि तासाभराने येते. भाजी दहा मिनिटांची असते, बाकीचा वेळ ओटल्यावर जातो.