वाहमधली खरखर घरीच काढा

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या घराला लागूनच टॉवेलचे माग आहेत. हवेत सुताचे तंतू कायमचे. गिटारवर बसले तर दिसतात, पुसून टाकता येतात. जुन्या वाह पेडलच्या पोटात शिरले तर कळतं थेट कार्यक्रमात, पाय दाबला की खर्रर्र. पेडल बाद झालं असं समजून विकू नका. बहुतेक वेळा नुसता पॉट (फिरवला की विजेचा रोध बदलणारा भाग) मळलेला असतो.

वाह म्हणजे पायानं फिरवायचा फिल्टर. १९६६ साली थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट व्हॉक्स अ‍ॅम्पच्या सर्किटवर काम करत होता, त्यातून ते निघालं. पाय टाचेकडून बोटांकडे गेला की दातेरी पट्टी पॉटचा गिअर फिरवते आणि आवाजातला उंचवटा खर्जाकडून तीव्र स्वरांकडे सरकतो. सगळा जीव त्या १०० किलोओहमच्या पॉटमध्ये.

आधी अ‍ॅडॉप्टर आणि केबल काढा. खालचे स्क्रू सोडवा (काही पेडलांत ते रबरी पायांतच असतात), बॅटरी बाजूला ठेवा. मऊ ब्रशनं पट्टीच्या दातांतले तंतू झाडा. पॉटच्या पायांजवळ जी फट असते तिथून कॉन्टॅक्ट क्लीनरचा (इलेक्ट्रॉनिक भाग साफ करायच्या स्प्रेचा) एकच छोटा फवारा मारा आणि लगेच पेडल वरखाली चाळीसेक वेळा चालवा. दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या.

तेल घालू नका, हे मी कळकळीनं सांगतो. माझ्या वडिलांनी मायेनं मागाच्या तेलाचे दोन थेंब माझ्या पॉटमध्ये सोडले होते. मागाला ते अमृत. पॉटमध्ये मात्र तेलावर तंतू चिकटले, महिन्याभरात आत काळी पेस्ट झाली आणि शेवटी पॉट बदलावा लागला.

साफ करूनही खरखर तशीच असेल तर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. पेडल चालू करून पॉटच्या तिन्ही पायांवर ग्राउंडच्या तुलनेत मोजा. शून्याच्या जवळ हवं. व्होल्टेज दिसलं तर पॉटला दोष देऊ नका, त्याच्या आधीचा किंवा नंतरचा कपॅसिटर डीसी वीज गळू देतोय. ०.२२ मायक्रोफॅरॅडचा नवा टाका. सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला दाखवा, दहा मिनिटांचं काम आहे.

आता खरी मजा. पॉट बसवताना गिअर कुठल्या दातावर धरला यावर तुमचा ‘वा’ ठरतो. पट्टी हलकेच मागे ओढा, गिअर एक दात सरकवा, गिटार वाजवून ऐका. बोटांकडे पूर्ण दाबल्यावर कानात टोचत असेल तर एक दात मागे या. पण पॉट शेवटाला अडायच्या आत बोटांखालच्या चालू-बंद स्विचचा ‘टक’ आवाज आला पाहिजे, नाहीतर पट्टीचे दात झिजतात. मी यावर एक अख्खी संध्याकाळ घालवतो.

आणखी एक, इनपुट जॅकमध्ये केबल राहिली की बॅटरी संपत राहते. वाजवून झालं की केबल उपसा. जानेवारीत गड्ड्याचे (सिद्धेश्वराच्या यात्रेचे) कार्यक्रम संपले की मी बॅटरी काढूनच ठेवतो, कारण मेच्या उन्हात जुनी बॅटरी आत फुटते. आणि पेडल चादरीत गुंडाळू नका, तंतू तिथूनच येतात. झिपची प्लास्टिक पिशवी बरी.