गडग्यावरची विष्ठा आणि फसवा निगेटिव्ह

उदमांजर, रानडुक्कर, मुंगूस यांच्या आतड्यात साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे जुलाब घडवणारे जिवाणू असू शकतात आणि जनावर मात्र ठणठणीत दिसतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ते शोधायला विष्ठेचे नमुने गोळा करायचे असतील, तर वनखात्याची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय रानात शिरू नका. लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिसच्या जिवाणूसाठी) विष्ठा गोळा करू नका, तो लघवीतून येतो.

खरी फसगत होते ती वाळलेल्या नमुन्यात. जांभ्याच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) उदमांजराची विष्ठा सहज सापडते, करवंदाच्या बिया चिकटलेली. मे महिन्यात सकाळी नऊलाच ती वरून कडक होते. कॅम्पिलोबॅक्टरला कोरडेपणा सोसत नाही, हवेइतका ऑक्सिजनही सोसत नाही. साल्मोनेला वाळक्या विष्ठेतही महिनोन्‌महिने तग धरतो. मग निकाल येतो, साल्मोनेला आहे, कॅम्पिलोबॅक्टर नाही, आणि नवखा माणूस वहीत लिहितो, 'उदमांजरात कॅम्पिलोबॅक्टर नसतो.' असं कधीही लिहू नका. तो असलाच, तर तुम्ही पोचण्याआधी उन्हानं मेलेला असतो. वाळक्या विष्ठेत कॅम्पिलोबॅक्टर सापडला नाही, यावरून जनावराबद्दल काहीच म्हणता येत नाही.

म्हणून आदल्या संध्याकाळी एक वाट ठरवा, तिच्यावरची जुनी विष्ठा काढून टाका, उजाडताना त्याच वाटेनं परत जा. सापडेल ते त्या रात्रीचं. दगडाला टेकलेला भाग सोडून आतला ओला गाभा घ्या. कॅम्पिलोबॅक्टरचा स्वॅब (नमुना घेतलेली बोळ्याची काडी) कॅरी-ब्लेअरच्या, म्हणजे वाहतुकीत जिवाणू जिवंत ठेवणाऱ्या माध्यमाच्या, नळीत तळापर्यंत खुपसा. नळी थंड पेटीत 4 अंशांवर ठेवा, पण कागदात गुंडाळून. बर्फाला टेकून गोठली तर नमुना गेलाच म्हणा. 24 तासांत प्रयोगशाळा गाठा. तिथं कॅम्पिलोबॅक्टरची प्लेट 42 अंशांवर 48 तास, 5 टक्के ऑक्सिजन आणि 10 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये.

साल्मोनेलासाठी 1 ग्रॅम विष्ठा 9 मिली बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये, 37 अंशांवर 18 तास. ही पायरी गाळायला सांगणारा मार्गदर्शक कितीही मोठा असो, त्याचं ऐकू नका. उन्हानं अर्धमेले झालेले जिवाणू इथंच सावरतात. थेट निवडक माध्यमात (इतर जिवाणूंना रोखणाऱ्या माध्यमात) टाकले तर उरलेलेही मरतात. नंतर 0.1 मिली घेऊन 10 मिली रॅपापोर्ट या निवडक द्रव माध्यमात, 42 अंशांवर 24 तास, मग एक्सएलडी माध्यमाच्या प्लेटवर. लाल वसाहत, मधे काळा ठिपका दिसला तरी लगेच साल्मोनेला लिहू नका, प्रोटियस नावाचा दुसरा जिवाणूही काळा ठिपका दाखवतो. युरिएजची चाचणी लावा. प्रोटियस माध्यम काही तासांत गुलाबी करतो, साल्मोनेला करत नाही.

पहिल्या वीस प्लेटा कोऱ्या आल्या तरी खचू नका. वाहक जनावर रोज जिवाणू टाकत नाही. त्याच गडग्यावर आठवड्याच्या अंतरानं तीन-चार फेऱ्या करा. आणि हातमोजे काढल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय पाण्याच्या बाटलीला हात लावू नका.