वायरलेसवर अक्षरं सांगताना या चुका टाळा

चैत्रात खान्देशातून वणीच्या सप्तशृंगीला पायी निघणाऱ्यांच्या सोबतीला वॉकीटॉकी घेतलेले स्वयंसेवक असतात. सारंगखेड्याच्या यात्रेत, विसर्जनाच्या बंदोबस्तातही हेच सेट हातोहात फिरतात. सेट ठीक, बॅटरी भरलेली, तरी गाडीचा नंबर या टोकाकडून त्या टोकाला जाईपर्यंत बदलतो. अशा वेळी रुग्णवाहिका भलत्याच गाडीपाशी जाऊन थांबते. दोष बहुतेक वेळा सेटचा नसतो, अक्षरं सांगण्याच्या पद्धतीचा असतो. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी आणि एनसीसीच्या कॅडेट्सनी तर हे आधीच अंगवळणी पाडून घ्यावं.

समजा, एकाने सांगितलं, "एमएच एकोणीस, बीडी." ऐकणारा लिहितो पीडी, तिसरा पुढे पाठवतो पीटी. इंग्रजी अक्षरं आपण उच्चारतो तेव्हा बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही ही आठही 'ई'वर संपतात. साधा फोन किंवा वायरलेस साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पुढे नेतो. त्यात 'ई' व्यवस्थित पोचते, पण 'ब' आणि 'प' यांना वेगळं करणारी सुरुवातीची बारीक खूण वाटेतच विरते. एम-एन आणि एफ-एस यांचीही हीच गत. म्हणून ओरडू नका. ओरडल्याने 'ई'च मोठी होते, वर माइकमध्ये आवाज फाटतो. माइक तोंडापासून चार बोटं लांब धरा आणि नेहमीच्या आवाजात बोला.

यावर उपाय म्हणून जगभर एकच शब्दमाला चालते: अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, एको, फॉक्सट्रॉट, गोल्फ, होटेल, इंडिया, ज्युलिएट, किलो, लिमा, माइक, नोव्हेंबर, ऑस्कर, पापा, केबेक, रोमिओ, सिएरा, टँगो, युनिफॉर्म, व्हिक्टर, व्हिस्की, एक्स-रे, यँकी, झुलू. क्यूसाठीचा शब्द बरेच जण 'क्वेबेक' म्हणतात, ठरलेला उच्चार 'केबेक' आहे. धुळे, शिरपूर, जळगावच्या धावपट्ट्यांवर शिकणारे वैमानिक हेच शब्द वापरतात. भारतीय नागरी विमानांचा नोंदणी क्रमांक व्हीटीने सुरू होतो, म्हणून त्यांची हाक 'व्हिक्टर टँगो' अशी.

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मनाला येईल तो शब्द जोडणं. बी फॉर भुसावळ, एन फॉर नंदुरबार, के फॉर केळी. आपल्या गावात हे चालून जातं. पण पळासनेरच्या पुढे, मध्य प्रदेशातल्या सेंधव्याचा माणूस ऐकत असेल, किंवा फोनवर चेन्नईची मुलगी असेल, तर तिला 'केळी' कुठल्या अक्षराने सुरू होते हे कसं कळावं? एक जण एमसाठी मुंबई म्हणतो, दुसरा बीसाठी बॉम्बे. ऐकणाऱ्याच्या डोक्यात शहर एकच, मग अक्षर कोणतं लिहायचं? या मालेची ताकद तिच्या शब्दांपेक्षा दोन्ही बाजूंना ती आधीच पाठ असण्यात आहे. अर्धा शब्द ऐकू आला, तरी '...व्हेंबर' म्हणजे नोव्हेंबर, हे कान स्वतः पुरं करतो.

आणि शब्द निवडणं वाटतं तितकं सोपं नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, १९५१ मध्ये भाषातज्ज्ञांच्या मदतीने पहिली माला लागू केली. तीत एनसाठी 'नेक्टर' होता, एक्ससाठी 'एक्स्ट्रा'. प्रत्यक्ष वापरात नेक्टर आणि व्हिक्टरची गल्लत व्हायला लागली, डेल्टा आणि एक्स्ट्राचीही. मग सी, एम, एन, यू, एक्स या पाच अक्षरांचे शब्द बदलले आणि १ मार्च १९५६ पासून आजची माला चालू झाली. एवढ्या अभ्यासानंतरही जिथे पाच शब्द मागे घ्यावे लागले, तिथे ऐन गर्दीत सुचलेल्या शब्दावर आपण कसा भरवसा ठेवायचा?

भरतीच्या नोट्समध्ये कधी कधी 'एबल, बेकर, डॉग, ईझी' अशी यादी सापडते. ती दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी लष्कराची. 'अ‍ॅडम, बॉय, चार्ल्स, डेव्हिड' ही अमेरिकेतल्या पोलिसांची, इंग्रजी मालिकांमधून आपल्याकडे आलेली. दोन्ही आपल्या कामाच्या नाहीत आणि आजच्या मालेत मिसळल्या तर घोटाळाच.

'फॉर' हा शब्दही काढून टाका. "एम फॉर माइक" म्हटलं की घाईत लिहिणारा 'एम ४' लिहून मोकळा होतो. नुसतं "माइक" म्हणा.

आकड्यांचं दुखणं आपल्याकडे जास्त आहे. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांतला फरक वाऱ्यात टिकत नाही. सात आणि साठ, आठ आणि साठ यांचंही तेच. त्यातून सीमेवर ऐकणारा हिंदी किंवा गुजराती बोलणारा असला की गोंधळ दुप्पट. आकडे सुटे सांगा: पाच, नऊ. दीडशे, अडीच हजार हे शब्द वायरलेसवर नकोतच. इंग्रजीत सांगायचं ठरलं तर विमानवाले नऊला 'नाइनर' आणि पाचला 'फाइफ' म्हणतात, कारण नाइन आणि फाइव्ह एकसारखे ऐकू येतात. शून्याला 'ओ' कधीही म्हणू नका. गाडीच्या नंबरातल्या मालिकेच्या अक्षरांत (एमएच १९ नंतर येणाऱ्या बीडीसारख्या) आय आणि ओ वापरतच नाहीत, तेव्हा ओडिशाच्या गाड्यांचा सुरुवातीचा 'ओडी' सोडला तर नंबर प्लेटवरचा गोल म्हणजे शून्यच. बँकेच्या आयएफएससी कोडमध्येही पाचवी जागा नेहमी शून्याची असते.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग. शहादा, अमळनेर, चाळीसगाव ही नावं फोडायची गरज नाही, चॅनेल उगाच अडकतं. आडनाव, गाडीची मालिका, अनोळखी गाव एवढंच फोडा. आधी शब्द, मग अक्षरं, मग पुन्हा शब्द. मात्र एकाच नावाची दोन गावं असली तर स्पेलिंग कितीही शुद्ध सांगितलं तरी उपयोग शून्य. कुसुंबा धुळे तालुक्यात आहे आणि जळगावजवळही. तिथे तालुका सांगा, आणि बुद्रुक की खुर्द हे पूर्ण उच्चारा, 'बु' आणि 'खु' नको.

बटण दाबल्या दाबल्या बोलू नका, सेकंदभर थांबा. नाहीतर पहिला शब्दच कापला जातो, आणि रिपीटरवरून, म्हणजे आवाज पकडून पुढे पाठवणाऱ्या मधल्या यंत्रावरून, बोलताना हे हटकून होतं. तोरणमाळ, धडगावकडच्या दऱ्यांत आवाज मधेच तुटला तर चार पावलं उंचावर जा, डोंगर आड आला की हा सेट हतबल असतो. 'ओव्हर अँड आऊट' एकत्र म्हणायचं नसतं: ओव्हर म्हणजे आता तुम्ही बोला, आऊट म्हणजे माझं बोलणं संपलं. ऐकू आलं नाही तर 'रिपीट' न म्हणता 'से अगेन' म्हणायची सवय लावा. लष्करात रिपीट हा तोफखान्याला पुन्हा तसाच मारा करण्याचा हुकूम आहे.

सेट ऑनलाइन मागवण्याआधी परवान्याचं बघा. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधल्या कमी ताकदीच्या, मान्यताप्राप्त सेटना सूट आहे. बाकी सेट परवान्याशिवाय चालवणं गुन्हा आहे.

सरावासाठी दोघं लागतात. एकाने शेजारच्या खोलीत, पंखा चालू ठेवून, रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर वाचावेत. दुसऱ्याने ते लिहून मोठ्याने परत वाचून दाखवावेत. नुसतं "रॉजर" चालणार नाही, कारण त्याने निरोप ऐकू आला एवढंच कळतं, काय लिहिलं ते कळत नाही. भुसावळचा रेल्वे कोड ब्राव्हो सिएरा लिमा, धुळ्याचा डेल्टा होटेल इंडिया, चाळीसगावचा चार्ली सिएरा नोव्हेंबर. यांपासून सुरुवात करा.